बेळगावातले अपघात: एकाला खरचटतं, दुसरा आयसीयूत जातो. हे ठरतं कशावर?

विदावेडी | सोमवार, २१:४०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी शहापूरची. घरून काम करते, कामही आकडेमोडीचंच. गेल्या महिन्यात गणपत गल्लीत एका पोरानं स्कूटर माझ्या अंगावर घातली. कोपर खरचटलं, पिशवीतले टोमॅटो रस्त्यावर गेले, बस्स. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतला एक मुलगा रात्री अकराला जुन्या पीबी (पुणे-बेंगळुरू) रोडवर पडला. पंधरा दिवस आयसीयू, आता घरी आहे पण बोलताना शब्द सापडत नाहीत. गाड्या दोन्हीकडे दुचाकी, पोरं साधारण एकाच वयाची. मग फरक कशानं पडला, हा किडा डोक्यात शिरला.

आपल्याकडचा विदा (म्हणजे डेटा) सहज मिळेना, म्हणून सरावाला इथिओपियातल्या अदिस अबाबा शहराचा घेतला. तिथल्या पोलिसांच्या २०१७ ते २०२० मधल्या नोंदी आहेत. १२,३१६ अपघात आणि ३२ रकाने: चालकाचं वय, शिक्षण, अनुभव, चौक कसा होता, उजेड होता का, पाऊस होता का, धडक कशी बसली वगैरे. एक रकाना तीव्रतेचा: किरकोळ, गंभीर, प्राणांतिक. त्यावर रँडम फॉरेस्ट चालवलं, म्हणजे जुन्या नोंदींवरून तीव्रता ओळखायला शिकणारं संगणकी मॉडेल. अचूकता ८४ टक्क्यांच्या वर! मी एकदम खूश.

आता प्रश्न. असं काही आपल्या बेळगावासाठी करता येईल का? आणि करायचं तर कोणते रकाने हवेत? नुसतं कुठे अपघात होतात ते नकोय. झाल्यावर माणसाला किती लागतं, ते कशावर ठरतं ते हवंय.

शनिवारचा_बाजार | सोमवार, २१:५२

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर लिहिणार आहे.

टिळकवाडीकर | सोमवार, २२:१०

ताई, राग मानू नका, पण यात विदा कशाला हवा? संध्याकाळी काँग्रेस रोडला पाच मिनिटं उभ्या राहा. तीन सीट, हेल्मेट आरशाला, एका हातात मोबाइल. उत्तर समोर दिसतंय की. संगणकाला विचारून वेगळं काय कळणार?

कुंदा_कमी_गोड | सोमवार, २२:१४

हेल्मेट आरशाला असतं कारण आरसा महाग असतो, टिळकवाडीकर.

पायथनकर | सोमवार, २३:०५

मूळ खानापूरचा, सध्या पुण्यात, काम याच क्षेत्रात. विदावेडी, तुझा फुगा फोडायला आलोय, आधीच माफी मागून घेतो.

तो विदा मीही वापरलाय. १२,३१६ पैकी १०,४१५ किरकोळ, १,७४३ गंभीर आणि फक्त १५८ प्राणांतिक. आता समज, मी काहीही न शिकता डोळे मिटून प्रत्येक अपघाताला 'किरकोळ' म्हणत सुटलो. माझी अचूकता किती? १०,४१५ भागिले १२,३१६, म्हणजे ८४.६ टक्के. तुझं मॉडेल आणि झोपलेला शिपाई, दोघांचे मार्क सारखेच.

अचूकता बाजूला ठेव. प्रत्येक वर्गाचा वेगळा हिशोब काढ. खरोखर प्राणांतिक होते त्यातले किती ओळखले, एवढंच सांग.

विदावेडी | सोमवार, २३:३१

काढला. चाचणीसाठी पाचवा हिस्सा बाजूला ठेवला होता, त्यात प्राणांतिक ३१. ओळखले शून्य. 😐

कुंदा_कमी_गोड | सोमवार, २३:३३

शिपाई जागा झाला तरी उठला नाही.

विदावेडी | मंगळवार, ००:२०

झोप येईना म्हणून परत बसले. प्राणांतिक नोंदी कमी आहेत ना, म्हणून त्यांच्या प्रती करून संख्या वाढवली आणि तिन्ही वर्ग सारखे केले. आता प्राणांतिक जवळजवळ सगळे ओळखतंय!

पायथनकर | मंगळवार, ०८:१५

प्रती आधी केल्यास की विभागणी आधी? आधी प्रती करून मग पाचवा हिस्सा काढला असशील, तर तोच अपघात शिकवणीतही आला आणि परीक्षेतही. याला आपल्याकडे पेपरफुटी म्हणतात.

विदावेडी | मंगळवार, ०८:४०

पेपरफुटीच. 🙏 आधी विभागून परत केलं. ३१ पैकी ३ ओळखतंय, आणि ते तीन ओळखायच्या नादात शेकडो किरकोळांना प्राणांतिक म्हणतंय.

पायथनकर | मंगळवार, ०८:५५

हे खरं उत्तर. आणि ३१ वर काही ठरवू नकोस. एक इकडचा तिकडे झाला की तीन टक्के हलतात.

गणितमास्तर | मंगळवार, ११:३०

निवृत्त शिक्षक. भौतिकशास्त्र आणि गणित शिकवलं, त्यामुळे दोन शब्द जास्तच बोलीन.

मुली, तुझ्या ३२ रकान्यांत वेग आहे का? 'कारण' या रकान्यात 'अतिवेग' असा शब्द असेल, तो नव्हे. ताशी किती किलोमीटर, असा आकडा? नसणार. कारण धडक बसून गेल्यावर तो कुणालाच माहीत नसतो. आणि नेमकं तिथेच सगळं आहे. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हे आठवीतलं पोरगंही सांगेल. गणपत गल्लीत तो पोरगा ताशी पंधरानं आला असेल. जुन्या पीबी रोडवर रात्री अकराला साठनं जाणारे रोज आहेत. पंधराचे साठ, वेग चौपट, ऊर्जा सोळापट. तुझे टोमॅटो आणि त्याचा मेंदू यांतला फरक एवढा आहे.

स्वीडनच्या निल्सन यांनी रस्त्यावरचा सरासरी वेग आणि मृत्यू यांचा संबंध मांडला, तो साधारण चौथ्या घाताचा. सरासरी वेग १० टक्के वाढला तर १.१ चा चौथा घात, १.४६, म्हणजे प्राणांतिक अपघात सुमारे ४६ टक्के वाढतात. एकूण अपघात मात्र तेवढे वाढत नाहीत. म्हणून 'अपघात कुठे जास्त' आणि 'माणसं कुठे जास्त मरतात' हे दोन वेगळे नकाशे निघतात.

आता वेगाचा रकाना नसला की काय होतं? तो वेष बदलून येतो. रात्र, रुंद रस्ता, दुभाजक, मोकळा रविवार. मॉडेल सांगेल 'दुभाजक असलेल्या रस्त्यावर तीव्रता जास्त'. एखादा नगरसेवक ते वाचून म्हणेल, काढा दुभाजक!

टिळकवाडीकर | मंगळवार, ११:४८

सर, नमस्कार. पण अतिवेगाचे आकडे आहेत की. केंद्राच्या २०२२ च्या रस्ते अपघात अहवालात ७१ टक्के मृत्यू अतिवेगानं. छापील आहे.

गणितमास्तर | मंगळवार, १२:२०

आहेत. तो वेग मोजला कुणी? पंचनामा करणारा हवालदार अर्ध्या तासानं पोचतो. समोर वाकलेली गाडी, काचा, बघे. पर्यायांत अतिवेग आहे, त्यावर खूण करतो. माझा त्याला दोष नाही, मीही तेच केलं असतं. पण त्याचा अंदाज आपण मोजमाप म्हणून वापरायचा नाही. त्याच अहवालात ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यावर झाले असंही आहे. म्हणून वळणाचा रस्ता सुरक्षित असं म्हणणार का? देशात सरळ रस्ताच जास्त आहे हो!

उद्यमबागी | मंगळवार, १३:०५

जेवणाची सुट्टी आहे, पटकन लिहितो.

दोन वर्षांमागं दुसऱ्या पाळीवरून सुटून मित्राच्या मागं बसून येत होतो. खानापूर रोडवर टेम्पोनं कट मारला. मी उठून उभा राहिलो, चाललो, चहा पण प्यायलो. पोलीस आले, विचारले लागलंय काय. म्हटलं नाही काय विशेष. त्यांनी किरकोळ लिहिलं. रात्री हात वर जाईना. सकाळी एक्स-रे, कॉलरबोन मोडलेलं. सहा आठवडे घरी, पगार कट. ठाण्यात जाऊन सांगितलं बदला म्हणून, तर म्हणाले लिहिलंय ते लिहिलंय, सर्टिफिकेट आणा. कोण जाणार परत.

म्हणजे तुमच्या विदात मी किरकोळ आहे.

रात्रपाळी | मंगळवार, १५:१०

उद्यमबागी, तुमच्यासारखे रोज बघते. मी एका रुग्णालयात अपघात विभागात परिचारिका आहे, नाव सांगत नाही.

उलटंही होतं. बोट मोडलेला माणूस ओरडत येतो, सगळे त्याच्याकडे धावतात. मागे शांत बसलेले आजोबा असतात, नातू म्हणतो जरा डोकं आपटलं, एक उलटी झाली. म्हातारपणी मेंदूभोवतीचा रक्तस्राव सावकाश साचतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कधी आठवड्यानं, माणूस झोपेत जातो. पहिल्या रात्री दोघांची नोंद काय झाली असेल बघा: बोटवाला गंभीर, आजोबा किरकोळ.

अपघातानंतर ३० दिवसांत माणूस गेला तर तो अपघात प्राणांतिकात धरायचा, असा नियम आहे. पण त्यासाठी वॉर्डातली बातमी ठाण्यातल्या त्याच कागदापर्यंत पोचावी लागते. पोचते, बऱ्याचदा पोचते. पण कधी घरचे पेशंटला घेऊन जातात, गावाकडे न्यायचं म्हणतात, आणि मग पुढचं आम्हालाही कळत नाही.

अजून एक. हेल्मेट होतं का, या रकान्यात हो किंवा नाही एवढंच. पट्टा लावला होता का, हे कुणी विचारत नाही. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोचतं.

कोर्टकचेरी | मंगळवार, १६:४५

रात्रपाळीताईंचं बोट मोडलेल्याचं उदाहरण कायद्यानं बरोबर बसतं. आपल्याकडे पोलिसांच्या कागदावरची 'गंभीर' म्हणजे डॉक्टरांची गंभीर नव्हे, ती कायद्यातली 'जबर दुखापत'. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये आठ प्रकार होते. हाड मोडणं किंवा निखळणं त्यात येतं, आणि दातही येतो! पुढचा एक दात तुटला की जबर दुखापत. डोक्याला मार लागून हाड शाबूत असेल, तर मात्र जिवाला धोका होता किंवा माणूस २० दिवस नेहमीची कामं करू शकला नाही असं काही दाखवावं लागायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम ११६ मध्ये २० चे १५ दिवस झाले.

म्हणजे विदावेडी, २०२३ आणि २०२५ च्या 'गंभीर'ची थेट तुलना करताना जरा जपून. माणसं तशीच पडतायत, मोजपट्टी बदललीय.

पायथनकर | मंगळवार, १७:३०

कोर्टकचेरी, ब्रिटनमध्ये हेच घडलंय. तिथल्या पोलिसांचा अपघातांचा विदा १९७९ पासूनचा कुणालाही उतरवून घेता येतो. पूर्वी अधिकारी स्वतःच ठरवायचा, किरकोळ की गंभीर. २०१६ च्या आसपास काही पोलीस दलांत नवी प्रणाली आली. अधिकाऱ्यानं फक्त काय लागलंय ते निवडायचं, गंभीर की नाही ते प्रणाली ठरवणार. त्या दलांत गंभीर जखमींचा आकडा एकदम उडी मारून वर गेला. रस्ते तेच, गाड्या त्याच. मग सांख्यिकी खात्याला जुने आकडे नव्या मापात बसवून द्यावे लागले.

कुंदा_कमी_गोड | मंगळवार, १७:४१

दातावरून आठवलं. आमच्या मावसभावानं चिरमुऱ्यातला खडा खाऊन दात तोडला. जबर दुखापतच म्हणायची, पण आरोपी कोण?

कोर्टकचेरी | मंगळवार, १७:४४

चिरमुरे. 😄

निपाणकर_आबा | मंगळवार, २०:२०

सगळी हुशार मंडळी लिहायलेत, म्हणून गप वाचत होतो. आता एक सांगतो.

आमच्याकडं दिवाळी झाली की कारखाने पेटतात. निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी, सगळीकडं उसाचे ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या, त्यावर ऊस असा भरलेला की मागचा दिवा असला तरी पाचटात लपतो. आणि बहुतेकांना असतोच कुठं. चाक पंक्चर झालं की तिथंच रस्त्यात ट्रॉली सोडून गडी जेवायला घरी. रात्री मोटारसायकलवाला समोरच्या गाडीच्या उजेडात आंधळा होऊन येतो आणि सरळ ट्रॉलीखाली. तिथं किरकोळ, गंभीर असं काय नसतं बाबांनो. आमच्या पाहुण्यातला एक पोरगा असाच गेला. हेल्मेट होतं.

कागदावर काय लिहिलंय म्हणता? उभ्या वाहनाला पाठीमागून धडक, चालकाचा निष्काळजीपणा. चालक म्हणजे मेलेला पोरगा. ट्रॉलीला रिफ्लेक्टर होता का नव्हता, हे लिहायला जागाच नाही.

तुझ्या रकान्यांत हे घाल की गं पोरी.

विदावेडी | मंगळवार, २०:५०

आबा, घालते. पहिला नंबर तुमच्या रकान्याचा.

गणितमास्तर | मंगळवार, २१:१५

आबासाहेबांनी लाखाचं सांगितलं. त्यांच्या गोष्टीत अपघात झाला का आणि झाल्यावर तीव्र का, ही दोन उत्तरं वेगळी आहेत. दिवा नव्हता म्हणून झाला. ट्रॉलीचा मागचा सांगाडा बरोबर डोक्याच्या आणि छातीच्या उंचीवर होता म्हणून जीव गेला. मागं खाली आडवा मजबूत दांडा असता, तर चाक आधी थटलं असतं. तीव्रतेचा अभ्यास करायचा तो यासाठी.

शिनोळीकर | मंगळवार, २२:०५

आमची गंमत वेगळीच. आमचं गाव चंदगड तालुक्यात, जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र. पण वेंगुर्ला रोडवर कुणी पडलं तर गाडी बेळगावच्याच दवाखान्यात जाणार, कोल्हापूरला कोण नेतंय एवढ्या लांब. अपघात महाराष्ट्रात, फिर्याद चंदगडला मराठीत, उपचार कर्नाटकात, माणूस गेला तर तिथला कागद कन्नडमध्ये. रात्रपाळीताई म्हणतात ती ३० दिवसांची बातमी आमच्या बाबतीत राज्याची हद्द ओलांडून जायला हवी. दवाखान्याचा विदा घेतला तर आमची माणसं बेळगावच्या खात्यात. पोलिसांचा घेतला तर बेळगावात आम्ही नाहीच.

टिळकवाडीकर | मंगळवार, २२:१२

हेच सांगतोय आम्ही सत्तर वर्षं! हा भाग महाराष्ट्रात असता तर

संपादक | मंगळवार, २२:२०

टिळकवाडीकर, सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिथे आपले दोनशेच्या वर प्रतिसाद आहेत. इथे अपघात.

टिळकवाडीकर | मंगळवार, २२:२३

बरं. अवांतराबद्दल क्षमस्व. (पण असता तर.)

विदावेडी | बुधवार, १०:३०

कागदांच्या भाषेचा विषय निघालाच आहे तर माझं रडगाणं ऐका. एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर शोधता येतात, २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते तिथे टाकावे लागतात. काही वाचायला घेतले. कन्नड वाचता येतं मला, शाळेत होतं. तरी डोकं धरून बसले. बोगारवेस आणि धर्मवीर संभाजी चौक, जागा एकच, नावं दोन. तिसरं गेट (रेल्वे फाटक) कुठे 'थर्ड गेट', कुठे 'मूरने गेट'. आणि उलटा घोळ: खडेबाजार बेळगावातही आहे आणि शहापुरातही, कागदावर नुसतं खडेबाजार. 'पीबी रोड' म्हणजे गावातून जाणारा जुना की बाहेरचा हायवे? जुन्या लोकांना अजून तो एनएच-४, कागदावर एनएच-४८.

म्हणजे एका चौकाचे अपघात चार नावांत वाटले गेले की तो चौक निरुपद्रवी दिसतो, आणि दोन खडेबाजार एकत्र झाले की नसलेला धोका तयार होतो. मॉडेल गेलं खड्ड्यात, आधी हे निस्तरायला हवं.

कुंदा_कमी_गोड | बुधवार, १०:४४

मी एकदा असा कागद मोबाइलवर मराठीत करून बघितला. 'फिर्यादीस भारी गाय' असं आलं. अर्धा तास विचार केला, अपघातात गाय कुठून आली आणि ती एवढी भारी का.

(बाहेरच्यांसाठी: कन्नडमध्ये गाय म्हणजे जखम.)

रात्रपाळी | बुधवार, १०:५०

😂😂 आता ड्यूटीवर भारी गाय आली की मला हसू येणार. पाप लागेल तुम्हाला.

पायथनकर | बुधवार, ११:३५

पुढचा विदा बरा असेल. केंद्राच्या रस्ते खात्यासाठी आयआयटी मद्रास आणि एनआयसी या सरकारी संगणक संस्थेनं मिळून एक प्रणाली केली, आधी आयरॅड म्हणायचे, आता ईडार. पोलीस जागेवरूनच मोबाइलवर नोंद करतात, फोटो आणि अक्षांश-रेखांशासकट. पहिल्या सहा राज्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही होते. मग नावाचा घोळ उरत नाही.

विदावेडी | बुधवार, ११:५०

थोडा उरतो. तिसऱ्या गेटला पूल झालाय. कपिलेश्वरला आहेच. अपघात पुलावर झाला की पुलाखाली? अक्षांश-रेखांश दोन्हीचे एकच. वर गाड्या सुसाट, खाली रिक्षा आणि भाजीवाले.

पायथनकर | बुधवार, ११:५२

हे डोक्यात आलं नव्हतं. घेतला.

टिळकवाडीकर | बुधवार, १४:१०

माझ्या हेल्मेटच्या मुद्द्याला कुणी उत्तरच दिलं नाही. २०२२ च्या अहवालात हेल्मेट नसल्यानं ५०,०२९ मृत्यू. त्यातले १४,३३७ मागे बसलेले. कर्नाटकात २०१६ पासून मागच्यालाही सक्ती आहे, तरी आपण बायकोला मागं बिनहेल्मेटचं बसवून लग्नाला जातो. बोला.

गणितमास्तर | बुधवार, १५:००

हेल्मेट घालायलाच हवं, त्यात वाद नाही. पण तुमच्या आकड्यानं ते सिद्ध होत नाही. मेलेल्यांपैकी इतक्यांनी घातलं नव्हतं. बरं, रस्त्यावर एकूण किती जणांनी घातलं नव्हतं? शंभरातल्या सत्तरांनी घातलं नसेल, आणि मेलेल्यांतही सत्तरांनीच घातलं नसेल, तर त्या आकड्यावरून काहीच कळलं नाही. खाली भाजक हवा.

तुम्हाला हवा तो पुरावा दुसरीकडे आहे. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये जो आढावा निघाला, त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी दिसला. पडलेल्या दोन्ही प्रकारच्या माणसांची तुलना आहे त्यात.

टिळकवाडीकर | बुधवार, १५:०८

म्हणजे मी बरोबरच होतो.

गणितमास्तर | बुधवार, १५:११

उत्तर बरोबर, रीत चूक. परीक्षेत दोन मार्क दिले असते.

पायथनकर | बुधवार, १८:२५

सरांच्या वेगाच्या मुद्द्याला आपल्या देशातला एक दाखला. २०१९ मध्ये देशात ४,४९,००२ अपघात आणि १,५१,११३ मृत्यू, म्हणजे शंभर अपघातांमागे ३३.७. टाळेबंदीच्या २०२० च्या अहवालात अपघात ३,६६,१३८ वर उतरले, मृत्यू १,३१,७१४. शंभरामागे ३६. रस्ते मोकळे, अपघात कमी, पण झाला तो जास्त जीवघेणा. २०२२ ला तर ३६.५.

उद्यमबागी | बुधवार, १९:४०

पायथनकर, एक शंका. टाळेबंदीत किरकोळ अपघात झाला तर कोण ठाण्यात गेलं असेल? बाहेर का आलास म्हणून आधी त्यालाच फटके. मोठे अपघातच नोंद झाले असतील. मग शंभरामागं आकडा आपोआप वाढणार की.

गणितमास्तर | बुधवार, १९:५५

शाब्बास. पूर्ण मार्क.

पायथनकर | बुधवार, २०:१०

मान्य. दोन्ही असणार, किती कशामुळे ते या आकड्यांतून सुटं करता येत नाही. एरवीही हेच आहे म्हणा. आपल्याकडे आरसा फुटला तर दोनशे रुपये आणि दोन शिव्यांत मिटतं. एकटाच खड्ड्यात घसरून पडला तर बरेच जण सांगतच नाहीत, उलट आपल्यावरच केस होईल म्हणून. त्यामुळे देशातले शंभर अपघात म्हणजे खरे शंभर नव्हेत, ठाण्यापर्यंत पोचलेले शंभर. विदावेडीचा टोमॅटोवाला अपघात कुठेच नाही.

विदावेडी | गुरुवार, २२:३०

दोन दिवस गप्प होते कारण काम करत होते. मूळ प्रश्नावर परत येते.

मॉडेल सध्या बंद. आधी फक्त एक तक्ता करतेय, शहरातल्या जागांच्या नावांचा: मराठी, कन्नड, इंग्रजी, बोलीतलं आणि जुनं. दुसरं, किरकोळ-गंभीर हा रकाना मी धरणारच नाही. त्याऐवजी रात्रपाळीताईंच्या लिहिण्यावरून सुचलेलं: दवाखान्यात किती दिवस, डोक्याला लागलं का, तिसाव्या दिवशी माणूस कसा आहे. हे सगळ्यांचं मिळणार नाही. जेवढ्यांचं मिळेल तेवढं. नावं-गावं अर्थातच काढून.

वेगासाठी सरांना फोन केला होता. ते म्हणाले, मेलेल्या गाडीचा वेग कळणार नाही, पण त्याच जागी त्याच वेळेला जाणाऱ्या जिवंत गाड्यांचा मोजता येतो. दोन खांबांमधलं अंतर टेपनं मोजायचं आणि घड्याळ घेऊन उभं राहायचं. काल रात्री साडेदहाला भावाला घेऊन जुन्या पीबी रोडवर, तो मुलगा पडला त्या जागी, फुटपाथवर उभी राहिले. चाळीस दुचाकी मोजल्या. शहरात दुचाकीला केंद्रानं घातलेली कमाल मर्यादा ६० आहे. एकविसांनी ती ओलांडली. चाळीस म्हणजे काही फार नव्हेत, माहीत आहे. गणपत गल्लीतही आज मोजायला गेले होते, तिथे गाडी दोन खांब सलग जातच नाही.

आणि हायवेच्या ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत ५ मोठे अपघात किंवा १० मृत्यू झाले की त्याला ब्लॅक स्पॉट म्हणतात, तो निकष मी गल्लीबोळांना लावणार नाही. आपल्या चौकांत आकडे एवढे लहान की एका वर्षाच्या योगायोगानं चौक काळा ठरतो, पुढच्या वर्षी आपोआप गोरा होतो आणि श्रेय नव्या गतिरोधकाला जातं.

आबा, रिफ्लेक्टरचा रकाना घातलाय. त्याच्या शेजारी 'मागे दांडा होता का' हाही.

निपाणकर_आबा | गुरुवार, २२:४८

ट्रॉली उभी होती का चालत होती, हे पण घाल. आणि रात्री फुटपाथवर उभी राहतेस ते ठीक, पण अंगावर पांढरं काहीतरी घालत जा. भावालापण.

रात्रपाळी | शुक्रवार, ०७:१५

पट्ट्याचं विसरलीस गं.

विदावेडी | शुक्रवार, ०७:२२

घातलं. हेल्मेट: नाही / होतं, पट्टा लावलेला / होतं, पट्टा नाही / आरशाला.

शिनोळीकर | शुक्रवार, ०९:०५

नावांच्या तक्त्यात आमच्या बाजूचाही रकाना ठेवा. चंदगडचे कागद मी आणून देतो, मराठीत आहेत, भारी गाय येणार नाही.

टिळकवाडीकर | शुक्रवार, ०९:३०

काँग्रेस रोडची मोजणी मी करतो. दोन खांबांमधलं अंतर किती धरायचं?

गणितमास्तर | शुक्रवार, ०९:४०

निदान पन्नास मीटर. कमी धरलंत तर बोटाची चूक वेगात शिरेल. आणि गाड्या निवडून मोजायच्या नाहीत टिळकवाडीकर, प्रत्येक पाचवी. नाहीतर तुम्ही फक्त तीन सीटवालेच मोजाल.

शनिवारचा_बाजार | शुक्रवार, २१:५२

रुमाल अजून इथंच आहे. सविस्तर लिहितोच.